विंडोज दहावरून अकरावर : चार महिन्यांनंतर, आणि स्क्रीनच्या त्या खालच्या पट्टीबद्दल

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकांची रांग लागते. ४ नोव्हेंबरला नवरीचे वडील समोर खुर्चीत बसलेले, दोन नावं वाढवायची होती, पाच मिनिटांचं काम. मी टाइप करायला घेतलं आणि "चि. सौ. कां."च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. वाकून बघते तर फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा लॉक पेटलेलाच नाही. (लॉक म्हणजे मशीनला खोचायची छोटी किल्ली, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालतं. आम्ही डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे, लॉकच म्हणतो. डोंगल म्हणणारे वेगळे.) बारा दिवसांपूर्वी, भाऊबीजेला, पुतण्याकडून मशीन विंडोज ११ वर नेलं होतं. जुन्यावर परत जायचं बटण अपग्रेडनंतर दहा दिवस असतं. ते दहा दिवस मी माहेरी फराळ खात घालवले होते.

घरात दोन मशीन आहेत. कामाचं आय३-८१००, आणि मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेलं आय५-७४००. दोन्ही चार कोरचे, दोन्ही २०१७ सालचे प्रोसेसर. आय५ जानेवारीतला, आय३ ऑक्टोबरचा. मुलासाठी म्हणून आय५ला तेव्हा जास्त पैसे मोजले. आता अकरासाठी इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे आठवीतलं स्वस्त आय३ पास आणि सातवीतलं महाग आय५ नापास. टीपीएम २.० ही अकराला लागणारी सुरक्षेची सोय दोन्हीकडे आहे, बायोसमधून चालू करून बघितलं. जन्मतारीख तेवढी आड आली. पुतण्या म्हणाला, "काकू, नवीनच घे की एक." याचं उत्तर मी दिलं नाही, चहा दिला.

दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे आय३वर अकरा घेणं सरळच होतं. फुकट होतं, आणि फुकट आहे तर घ्यावं हा माझा स्वभाव.

लॉकचं आधी सांगून टाकते. कंपनीला फोन केला. "मॅडम, तुमच्या व्हर्जनचा सपोर्ट बंद झालाय, नवीन घ्यावं लागेल." लॉक बिघडलाय का त्याचा ड्रायव्हर (विंडोजला लॉक ओळखायला लावणारी फाइल), एवढं तरी सांगा म्हटलं. "नवीनमध्ये प्रॉब्लेम येत नाही मॅडम." तीन दिवस हेच, तीन वेगवेगळ्या आवाजांत. नव्याची किंमत ऐकली आणि फोन ठेवला. त्या किमतीत माझ्या चाळीस-पन्नास पत्रिकांची मजुरी जाते. शेवटी पुतण्याच कबूल झाला. अपग्रेडनंतर विंडोज सिक्युरिटीत पिवळा त्रिकोण दिसत होता. मेमरी इंटिग्रिटी नावाची विंडोजची एक सुरक्षा चालू होत नव्हती, आणि अडचण म्हणून एका जुन्या ड्रायव्हरचं नाव येत होतं. साहेबांनी तो ड्रायव्हर काढून टाकला, त्रिकोण हिरवा केला आणि खूश होऊन पुण्याला गेले. तो ड्रायव्हर लॉकचा होता! मेमरी इंटिग्रिटी बंद केली, जुन्या पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर परत टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, लॉक पेटला. म्हणजे सुरक्षिततेसाठी अपग्रेड केलं आणि काम चालावं म्हणून त्यातलीच एक सुरक्षा बंद केली.

पेजमेकर, म्हणजे पानं लावायचं आमचं सॉफ्टवेअर, मात्र निमूट चालला. पेजमेकर ७ हे २००१चं, त्यानंतर त्याचं व्हर्जनच आलं नाही, आणि तो आजही पानं लावतो. तुमचं एखादं अगदी जुनं, १६ बिटच्या काळातलं बिलिंग वगैरे ३२ बिटच्या दहावर अजून चालत असेल, तर थांबा. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं, तिथे ते उघडणारच नाही.

आता पट्टी.

पट्टी म्हणजे टास्कबार, तो मी डावीकडे ठेवते. उभा. पंधरा-सोळा वर्षं झाली. ही काही हौस नाही. मॉनिटर १९२० बाय १०८०, आडवा. माझं पान ए-फोर, उभं. रुंदी दोन्ही बाजूंना रिकामी पडलेली असते आणि उंचीला मात्र मारामार. खालची ओळ, पान क्रमांक, "आपले विनीत" आणि त्याखालची मामा-काकांची पलटण, सगळं उंचीतच बसवायचं असतं. पट्टी डावीकडे गेली की पान पूर्ण दिसतं. विंडोज ९५पासून ती ओढून चारपैकी कुठल्याही कडेला नेता यायची. अकरात नेता येत नाही. आयकॉन मधे घ्या किंवा डावीकडे सरकवा, पट्टी खालीच. त्यात दहामध्ये ती ४० पिक्सेल उंच होती, ती आता ४८ झाली. बटणं लहान करण्याची एक सोय सापडली म्हणून हरखले, तर आयकॉन बारीक झाले आणि पट्टीची उंची तेवढीच राहिली. जागा काय कमी आहे का डावीकडे? अख्खं मैदान पडलंय!

"ऑटो-हाइड कर," पुतण्या म्हणाला. केलं. पानाच्या तळाची ओळ निवडायला माउस खाली नेला की पट्टी वर उसळते आणि क्लिक भलत्याच ठिकाणी बसतो. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं मी दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. पट्टी हलवून देणारी बाहेरची सॉफ्टवेअर आहेत. पण अपडेट आलं की असली सॉफ्टवेअर रुसतात, आणि ऐन सीझनमध्ये कुणाचं रुसणं काढायला मला वेळ नसतो. राइट क्लिकचा मेनूही अर्धा लपवलाय, पण शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना येतो, तेवढ्यावर भागलं. पट्टीसाठी असं काही नाही. नोव्हेंबरअखेर कुणी विचारलं असतं तर मी "अकरा घेऊ नका" एवढं तीन शब्दांत सांगितलं असतं.

डिसेंबरात थोडी नरमले. लोक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवरच्या नेहमीच्या मराठीत पाठवतात, आणि आमचे जुने फॉन्ट ते ओळखत नाहीत. तो नोटपॅडमध्ये घ्यायचा, कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात न्यायचा, मग "दुसऱ्या"चा र्‍या आणि रफार हातानं सुधारायचे, ही आमची रोजची दळणं. एका रात्री सात-आठ मजकूर नोटपॅडमध्ये उघडे ठेवून झोपले, एकही सेव्ह केलेला नव्हता. सकाळी बघते तर अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालेलं. पोटात गोळा आला. नोटपॅड उघडलं, तर सगळे मजकूर टॅबमध्ये जसेच्या तसे. दहाच्या नोटपॅडकडून अशी अपेक्षासुद्धा केली नसती. फाइल एक्सप्लोररमध्येही टॅब आहेत, एका टॅबमध्ये पत्रिका, दुसऱ्या टॅबमध्ये फोटो. विंडोज की आणि झेड दाबलं की स्क्रीनचे भाग करून मिळतात, एका बाजूला हस्तलिखिताचा फोटो, दुसऱ्या बाजूला नोटपॅड. आडव्या मॉनिटरचा हा पहिला उपयोग मला सापडला. आठ जीबी रॅम आणि एसएसडीवर मशीन मंदावलंही नाही. युनिकोडचा मराठी कीबोर्ड होता तसाच आहे.

तरी पान लावायला बसलं की पट्टी डोळ्यांत खुपायचीच.

मग जानेवारीत उलटापालट केली. नापास झालेलं आय५ दहावरच ठेवलं. त्याला सुरक्षा अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते. तीस डॉलर भरा, नाहीतर हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू करा आणि फुकट घ्या. मी कुठला मार्ग घेतला हे सांगायला नको. बॅकअपमधून फोल्डर तेवढे वगळा, नाहीतर पाच जीबीची फुकट जागा एका लग्नाच्या फोटोंनी भरते. पुतण्या आय५वरही अकरा जबरदस्तीनं चढवून द्यायला तयार होता. चढतं म्हणे, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. नको म्हटलं.

लॉक आता आय५ला आहे. पेजमेकर तिथे, जुने फॉन्ट तिथे, पट्टी डावीकडे. आय३वर मेल, व्हॉट्सअ‍ॅप, नोटपॅड, पीडीएफ, आणि मेमरी इंटिग्रिटी पुन्हा चालू केलीय. मजकूर तयार झाला की पेनड्राइव्हनं इकडे आणते. म्हणजे ज्या मशीनला अपग्रेड मिळालं ते माझं कारकून झालं, आणि नाकारलेलं मशीन लग्नं लावतंय.

तुमचं मशीन पात्र असेल आणि बँक, मेल, वर्ड एवढंच काम असेल तर घेऊन टाका, खळखळ करू नका. लॉकवालं सॉफ्टवेअर असेल तर ड्रायव्हरची फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि अपग्रेड अशा दिवशी करा की पुढचे दहा दिवस तुम्ही घरी असाल. दिवाळीत नको. अकराला मी पाचपैकी तीन देते. पट्टी डावीकडे नेऊ देतील त्या दिवशी चार.

ऑक्टोबरनंतर आय५चं काय, असं पुतण्या परवा विचारत होता. त्याची नेटची वायर काढून ठेवणार आहे. फॉन्टला नेट लागत नाही, लॉकलाही लागत नाही.