नुसता टर्मिनल बदलू की अख्खी केबल?
खानापूरच्या एका दादांनी विचारलंय, गाडीची बॅटरी नवी आहे तरी चावी फिरवली की नुसतं टकटक होतंय, आता टर्मिनल (केबलच्या टोकाची, बॅटरीच्या खांबावर आवळायची पकड) तेवढा बदलू की अख्खी केबल?

आधी मोजा ओ, अंदाजाने खर्च नको. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या खांबावर (टर्मिनलवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावरच), दुसरं टर्मिनलवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष त्या जोडातच आहे. तिथे नीट आणि केबलच्या दोन टोकांमध्ये ०.५ व्होल्ट दिसला, तर केबल आतून गेली.

खर्च बघितला तर टर्मिनल स्वस्तच, खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून घासलं तर कधी कधी तेवढ्यावरही भागतं. केबल महाग, शिवाय स्टार्टरपर्यंत हात घालायचा म्हणजे मेकॅनिकच लागतो.

पण टिकायचं म्हणाल तर केबलच. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात ओल कव्हरच्या आत शिरते, एकदा तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या की नवा टर्मिनल लावूनही तीच रड. कव्हर थोडं सोलून बघा, तार लख्ख असेल तर टर्मिनलवर निभावतं. केबल घेताना तांब्याचीच घ्या, जाडी जुनीपेक्षा कमी नको.

गाडी गावातल्या गावात असेल आणि तार चांगली असेल तर टर्मिनल बास. रोज चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्याने तार काळी-हिरवी दिसली की केबलच टाकावी, इंजिनकडची अर्थची (मायनस बाजूची) पण. काहीही करा, सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.