फॉन्टटूल्स : फॉन्टची कुंडली मांडणारी पायथन (प्रोग्रॅमिंग भाषा) लायब्ररी

लग्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी मी विंडोजवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर करतोय. प्रेसवाल्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्टचा नुसता पसारा असतो. फाइलच्या नावावर विसंबलात की घोटाळा ठरलेलाच. म्हणून आतली माहिती वाचायला फॉन्टटूल्स. पायथनकर्त्या गुइदो व्हॅन रॉसमचा भाऊ जस्ट, त्याने ही सुरू केली. परवाना 'एमआयटी' नावाचा मोकळाढाकळा, त्यामुळे विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही बिनधास्त घाला.

फॉन्टच्या आतली माहिती 'टेबल' नावाच्या कप्प्यांत असते; त्यातलं मागाल तेवढंच टेबल ही लायब्ररी उलगडते, हे मला फार आवडलं. एक टाइपच्या 'मुक्ता'ची एक्स्ट्राबोल्ड फाइल घ्या. 'नेम' टेबलात १ क्रमांकाला कुटुंबाचं नाव 'मुक्ता एक्स्ट्राबोल्ड', आणि २ ला चक्क 'रेग्युलर'! जुन्या विंडोज प्रोग्रॅमना एका कुटुंबात रेग्युलर, बोल्ड, इटॅलिक, बोल्ड-इटॅलिक एवढंच कळायचं, त्यांच्यासाठी ही कसरत. खरं कुटुंब १६ मध्ये असतं, वजन (अक्षराची जाडी) १७ मध्ये. तेव्हा आधी १६ बघायचं, नसेल तरच १. नाहीतर मुक्ता यादीभर विखुरते.

मराठीसाठी माझी चाचणी सोपी आहे: सीमॅपमध्ये, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणती आकृती हे सांगणाऱ्या तक्त्यात, ॲ आणि ऱ आहेत का? ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टात बहुधा तो नसतोच, आणि नावामागे 'ॲड.' लावणाऱ्या वकीलकाकांना तिथे चौकोन दिसलेला चालत नाही.

आता कुरकुर. सीमॅप काढून देणारं लायब्ररीतलं 'गेट-बेस्ट-सीमॅप' हे फंक्शन फक्त युनिकोड तक्ते शोधतं. सिम्बॉल पद्धतीचा (युनिकोड तक्ता नसलेला) जुना मराठी फॉन्ट दिला की हातात 'नन', म्हणजे काहीच नाही, येतं; मग ३, ० या क्रमांकांचा सिम्बॉल तक्ता आपणच उघडायचा. काही जुने फॉन्ट तर इंग्रजीच्या जागांवरच देवनागरी बसवतात. ते ही लायब्ररी इंग्रजीच समजणार, तिचा काय दोष! कागदपत्रं रुक्ष आहेत. त्यापेक्षा लायब्ररीसोबतच्या टीटीएक्स कमांडने फॉन्टची एक्सएमएल (वाचता येणारी मजकूर फाइल) काढून वाचलेली बरी.

तुमचं सगळं काम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये असेल, तर एवढ्यासाठी पायथन सोबत बांधू नका, सेटअप उगाच फुगतो. डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफ या खिडक्या-बटणं बनवायच्या भागातल्या ग्लिफ-टाइपफेसकडून कुटुंबाची नावं, एम्बेडिंगचे (फॉन्ट दस्तऐवजात बसवायचे) हक्क, अक्षरांचा तक्ता सगळं मिळतं. माझं आधीपासून पायथनमध्येच आहे, म्हणून मी फॉन्टटूल्सवरच राहणार. फक्त कंबरियासारखी टीटीसी फाइल (एकाच फाइलीत अनेक फॉन्ट) उघडताना आतल्या फॉन्टचा क्रमांक द्या, नाहीतर थेट एरर येते.