तंबाखू सोडायची: एकदम, हळूहळू की गम घेऊन?

चुना लावून मळलेली तंबाखू ओठात धरणाऱ्यांनी पद्धत निवडण्याआधी एकच गोष्ट तपासावी. सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळात लागतो? चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जातं. रात्रभराच्या झोपेत ते ओसरतं आणि सकाळी शरीर ते मागू लागतं. अर्ध्या तासाच्या आत पुडी शोधावी लागत असेल, तर सवय खोल रुजलेली आहे. दोन तास सहज निघत असतील, तर काम बरंच हलकं आहे.

हळूहळू कमी करणं बहुतेकांना पटतं, कारण त्यात आज काहीच सोडावं लागत नाही. अडचणही तिथेच आहे. दिवसाच्या बारा चिमटींच्या सहा होतात, पण चिमूट मोठी होते आणि ओठात जास्त वेळ राहते. निकोटिन जवळपास तेवढंच जातं. म्हणून चिमटी मोजू नका, पुडी मोजा. एक दिवस पुरणारी पुडी पहिल्या आठवड्यात दीड दिवस, दुसऱ्यात दोन दिवस पुरली पाहिजे. सकाळचा पहिला बार दर दोन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला. पूर्ण सोडण्याची दोन आठवड्यांनंतरची तारीख आधीच ठरलेली हवी, नाहीतर जेवणानंतरचे शेवटचे दोन बार वर्षभर सुटत नाहीत.

एकदम सोडणाऱ्यांना त्रास जास्त होतो, पण तो लवकर संपतो. पहिल्या दिवसातच चिडचिड आणि डोकेदुखी सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड जातो, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, जागा बदला. सुपारी मात्र नको. ती तंबाखूशिवायही कर्करोगाला कारण ठरते आणि तोंड उघडेनासं करते, म्हणून तंबाखू सोडून साधी सुपारी धरली तर धोका जात नाही.

सकाळी पोट साफ होत नाही, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चिमूट घेणारे खूप आहेत. निकोटिन आतड्यांना चालना देतं. ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, आणि रोज ठरल्या वेळी शौचाला बसणं एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. दाढ दुखते म्हणून तंबाखू धरणाऱ्यांनी आधी दाढेचा इलाज करावा.

एकदम आणि हळूहळू या दोन पद्धतींची थेट तुलना इंग्लंडमधल्या सुमारे ७०० सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना निकोटिनची मदत दिली होती. अभ्यास सिगारेटचा होता, म्हणून तंबाखू चघळणाऱ्यांना आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. तरी आमचा कल एकदम सोडण्याकडेच आहे.

निकोटिन गम ही एकदम सोडण्याची जोडीदार आहे. पहिला बार अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅम, इतरांना २ मिलिग्रॅम. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. चघळण्याची पद्धत चुकली तर गम फुकट जाते. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. अर्धा तास असं चालतं. भराभर चावली तर निकोटिन पोटात जातं आणि उचकी, जळजळ होते. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नको, त्याने निकोटिन शोषलं जात नाही. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता तारीख. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी रातपाळीच्या आठवड्यात सुरुवात करू नये, तेव्हा जागं राहायलाच तंबाखू लागते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सुरू करा, दुसऱ्या दिवशी दिवसपाळी असली पाहिजे. गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची गर्दीही टाळा, तिथे मळलेली तंबाखू पुढे करणारा हात पदोपदी भेटतो. पाळीतल्या जोडीदारांना आधीच सांगून ठेवा: "मला देऊ नका, मागितली तरी." मे महिन्यात सुरू केलं तर उन्हाची डोकेदुखी आणि तंबाखूची डोकेदुखी एकमेकांत मिसळतात, तेव्हा पाणी वाढवा. बिडी वळणाऱ्या बायकांना कामातच दिवसभर तंबाखूचा वास आणि स्पर्श असतो. त्यांनी मिश्री सोडताना गमची मदत डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. समुपदेशनासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ विनाशुल्क आहे.

गम विकत घेण्याआधी आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि मधली तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, किंवा पांढरा चट्टा वा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर आधी दंतवैद्याकडे जा. गम चावणं जमणार नसेल, तर त्वचेवर चिकटवायच्या निकोटिन पट्टीबद्दल तिथेच विचारा.