निळ्या ठिपक्याखालचा लाल

नागपुरात मनीषनगरला आमच्या गच्चीवर मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या तीन पेट्या आहेत. धंदा नाही, हौस. गेल्या सप्टेंबरात एका पेटीतली राणी गेली. माशांनी नवी तयार केली, पण मिलनासाठी उडाली ती परत आलीच नाही. म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये मोबाइलवर ओळख झालेल्या एका विक्रेत्याकडून राणी मागवली. "दादा, मिलन झालेली, याच वर्षीची आहे, ठिपका बघून घ्या." दीड हजार रुपये. अर्धे आधी, अर्धे अंडी दिसल्यावर. ही अट ऐकूनच माझा विश्वास बसला.

ट्रॅव्हल्सच्या बसने राणी आली. छोटी पिंजरी, सोबत सहा-सात कामकरी माश्या, राणीच्या पाठीवर निळा ठिपका. वर्षाचा शेवटचा आकडा 5 किंवा 0 असेल तर निळा, असा मधमाशीपालकांचा ठरलेला रंग. पाचव्या दिवशी पोळ्याच्या घराघरात तळाशी एकेक उभं अंडं दिसलं आणि मी उरलेले पैसे पाठवून मोकळा झालो.

नुसत्या अंड्यांवर जाऊ नका हो. राणीचं मिलन तरुणपणीच होतं, तेव्हा मिळालेला शुक्राणूंचा साठाच तिला जन्मभर पुरवावा लागतो. तो संपला तरी ती अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर निघतात. हे कळतं ते अंडं घातल्यापासून नवव्या-दहाव्या दिवशी, घरांना झाकण लागल्यावर. कामकऱ्यांची झाकणं जवळपास सपाट, नरांची फुगीर. माझ्या फ्रेमवर, म्हणजे पोळ्याच्या चौकटीवर, कामकऱ्यांच्या लहान घरांवर सगळीकडे फुगीर टोप्या!

राणी भिंगाखाली धरली. पंखांच्या कडा फाटलेल्या, पाठीवरची लव झिजून चकचकीत झालेली. आणि निळ्या रंगाच्या कडेने लाल कोर डोकावत होती. लाल म्हणजे 2023.

विक्रेता म्हणाला, "प्रवासात ऊन लागलं असेल, हाताळणी चुकली असेल." मग नंबरच ब्लॉक केला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैशांपेक्षा पेटीचं दुःख जास्त. संत्र्याच्या आंबिया बहराच्या तोंडावर ती भरलेली हवी होती. उरलेल्या माश्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून शेजारच्या पेटीत मिसळाव्या लागल्या.

राणी घेताना, ती सपाट झाकणांच्या फ्रेमवर चालतानाचा व्हिडिओ मागा. उरलेले पैसे आपल्या पेटीत तशी झाकणं दिसेपर्यंत देऊ नका. विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

ती राणी मी काडेपेटीत जपून ठेवली आहे. नागपुरात कोणी नव्याने राणी घेणार असेल तर आधी गच्चीवर या, निळ्याखालचा लाल दाखवतो.