शब्दार्थ पाठ करून घ्यावेत की शब्द फोडून शिकवावेत?

सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासाला शब्दसंपत्ती वाढवायची, तर शिक्षकापुढे दोन वाटा असतात. धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवून पाठ करून घ्यायचे, किंवा शब्द फोडून त्याचं मूळ, उपसर्ग, प्रत्यय आणि त्याची भावंडं दाखवायची. दोन्हींना पुरेल इतका वेळ कुणाकडेच नसतो.

परीक्षा तोंडावर असेल तर पाठांतर घ्या. शिष्यवृत्ती परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी शब्द सरळ विचारतात. शिवाय ‘डोह’, ‘झुळूक’ असले शब्द फोडून हाती काही लागत नाही, ते चित्रातून किंवा वाक्यातूनच कळतात. पण पाठ केलेला शब्द एकटा राहतो. ‘हजर’ येणारं मूलही ‘गैरहजेरी’ दिसली की अर्थ विचारायला येतं.

शब्द फोडायला वेळ लागतो. चार-पाच शब्दांतच तास संपतो. मात्र इतिहास-ऐतिहासिक, भूगोल-भौगोलिक, उद्योग-औद्योगिक या जोड्या फळ्यावर आल्या, की ‘नैतिक’ आणि ‘पौराणिक’ची मुळं मुलं आपणहून सांगतात. शुद्धलेखनही सुधारतं. ‘उपाहारगृहा’त ‘आहार’ आहे हे कळलेलं मूल तिथला काना खात नाही. (पाट्या रंगवणाऱ्यांचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न.)

इथे सुरुवात कुठून करता याला फार महत्त्व आहे. प्र, परा, अप, सम् असा संस्कृतच्या 22 उपसर्गांचा तक्ता भिंतीवर लावला, की तोही शेवटी पाठच होतो. आणि अर्थ? आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही सगळी एकाच ‘हृ’ धातूची लेकरं. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असं संस्कृत व्याकरणातला एक जुना श्लोक हेच शब्द देऊन सांगतो. मग बारा वर्षांच्या मुलाने ‘वि’वरून अर्थ कसा ओळखावा? त्यापेक्षा फारसी-अरबीतून आलेले बे, गैर, ना आधी घ्या: बेजबाबदार, गैरसमज, नापसंत. जोडीला -दार, -खोर, -पणा. यांचा अर्थ सहसा जागा सोडत नाही. एखादं मूल ‘बेडूक’ आणि ‘बेरीज’ही फोडून दाखवेल. दाखवू द्या, त्यावरची चर्चा वाया जात नाही.

परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांत मात्र मी घाई करणार नाही. ‘जबाबदार’च ठाऊक नसेल तर त्याच्या सुरुवातीला ‘बे’ लावून उपयोग नाही. तिथे आधी गोष्टी, गप्पा आणि भरपूर साधे शब्द.

माझा कल फोडण्याकडे आहे, पण ज्या धड्यात फोडण्याजोगे शब्द आहेत तिथेच. बाकीचे शब्दार्थ घरी पाठ करायला द्यावेत. चाचणीही मग बदलावी लागते: वर्गात ‘लाचखोर’ शिकवला असेल, तर पेपरात ‘नफेखोर’ विचारा.