सशाचं चित्र, हिरवा ठिपका आणि रिठ्याची पुडी: कोल्हापुरात क्रूरतामुक्त घर लावायचं तर

भाचीचं बिऱ्हाड राजारामपुरीत लागलं तेव्हा तिने एकच अट घातली. "मावशी, जनावराला छळून बनवलेलं काही माझ्या घरात नको. अंगाच्या साबणापासून फरशीच्या फिनेलपर्यंत. यादी तू कर, मी आणते." यादी करायला बसले आणि लक्षात आलं की वस्तू कुठे मिळते हा प्रश्न नंतरचा. आधी आपण नेमकं काय टाळतोय, ते ठरवावं लागतं. तुम्हीही याच विचारात असाल तर आमची शोधाशोध उपयोगी पडेल.

पहिला घोळ झाला तो हिरव्या ठिपक्यावरून. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात मी साबणाची वडी उलटी करून बारीक अक्षरं वाचत होते. दुकानदार म्हणाले, "वैनी, हिरवा ठिपका हाय की. आता आनी काय बघताय?" त्यांचं चुकत नव्हतं. तो ठिपका सांगतो की साबण शाकाहारी आहे, म्हणजे त्यात जनावराची चरबी नाही. पण हाच साबण किंवा त्यातलं रसायन कुणा सशाच्या डोळ्यात घालून तपासलं होतं का, याबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही. उलटही खरं आहे. प्राण्यांवर चाचणी न केलेल्या लिपस्टिकमध्ये किडे वाळवून काढलेला कार्माइनचा लाल रंग असू शकतो आणि क्रीममध्ये मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन असू शकतं. म्हणजे प्रश्न दोन आहेत: आत काय आहे, आणि तपासलं कशावर. ज्यांना दोन्हींची उत्तरं हवीत त्यांनी दोन्ही खुणा बघायच्या.

ससा या सगळ्याचं चिन्ह का झाला, हे भाचीला सांगताना माझाच घसा दाटला. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ यांच्या नावाची चाचणी आली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि लाली, सूज, व्रण कसे वाढतात ते पुढचे काही दिवस नोंदवत राहायचं. डोळा चोळता येऊ नये म्हणून पुष्कळदा नुसतं डोकं बाहेर राहील अशा खोड्यात ससा अडकवायचा. ससा निवडला कारण तो गरीब, सांभाळायला स्वस्त, आणि त्याचे डोळे मोठे. शांपूच्या बाटलीवरचा तो छोटा ससा इथून आला आहे.

आपल्याकडे एक मोठी गोष्ट झालेली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. २०१४ मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी तशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करायलाही. त्यामुळे शांपू, क्रीम, पावडर, काजळ यांच्या बाबतीत इथल्या दुकानातला माल आधीच बराच बरा आहे. पण कायद्याला कडा आहेत. तीच कंपनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या मालासाठी काय करते, हे त्यात येत नाही. डब्यावर 'आयुर्वेदिक औषध' असं छापलेली टूथपेस्ट किंवा तेल कायद्याने औषध ठरतं, प्रसाधन नव्हे, म्हणून ही बंदी त्याला थेट लागू होत नाही. याचा अर्थ तिथे चाचणी झालीच असा नाही. कायद्याचा भरवसा तिथे धरता येत नाही, एवढंच. आणि सगळ्यात मोठी कड म्हणजे कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, फरशीचं द्रावण. या वस्तू अंगाला लावायच्या नसल्याने प्रसाधनाच्या व्याख्येतच बसत नाहीत.

आता दुकानांकडे येऊ.

आधी डी-मार्टसारखं मोठं दुकान. अंगाला लावायच्या वस्तूंसाठी हे सगळ्यात सोपं, कारण बाटल्या हातात घेऊन, उलट्यासुलट्या करून वाचता येतात आणि मागे कुणी घाई करत नाही. इथे तुम्हाला सशाच्या दोन वेगळ्या खुणा भेटतील. झेप घेणाऱ्या सशाची, म्हणजे लीपिंग बनी, जास्त कडक आहे. तिच्यात कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते, त्या तारखेनंतर कच्चा माल पुरवणाऱ्यांनीही प्राण्यांवर चाचणी केलेली चालत नाही, आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी होते. गार्निएला ही मान्यता २०२१ मध्ये मिळाली. दुसरी पेटा या प्राणिहक्क संस्थेची. ती मुख्यतः कंपनीने लिहून दिलेल्या हमीवर चालते. डवला ती २०१८ मध्ये मिळाली. पेटाच्या यादीत दोन पायऱ्या आहेत: एक फक्त चाचणी नसलेल्या मालाची, दुसरी चाचणीही नाही आणि प्राणिजन्य घटकही नाहीत अशा मालाची. मी दोन्ही खुणा स्वीकारते, पण दोघांत निवडायची वेळ आली तर झेप घेणारा ससा उचलते. तिसराही एक ससा दिसतो, कुठल्याच संस्थेचा नसलेला, कंपनीने स्वतःच काढून छापलेला. त्याच्याजवळ संस्थेचं नाव आहे का ते बघा. नसेल तर ते नुसतं चित्र समजा.

इथे भाचीने अडवलंच. "पण मावशी, गार्निए लॉरिआलची आणि डव युनिलिव्हरची. खूण एका बाटलीला आणि पैसे सगळ्या कंपनीला?" प्रश्न रास्त आहे. काही जण त्यामुळे मोठ्या घराण्यांचे ब्रँड घेतच नाहीत आणि प्लमसारखे, सगळाच माल वीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेला, ठेवणारे ब्रँड घेतात. माझं मत वेगळं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा मान्यताप्राप्त शांपू चार घरांनी मागितला तर दुकानदार तो ठेवतो आणि कंपनीलाही कळतं की सशाची खूण विकली जाते. भाचीचा मार्ग जास्त स्वच्छ आहे, पण त्यासाठी बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावं लागतं किंवा मोठ्या मेडिकलमध्ये विचारावं लागतं, आणि पैसेही जास्त जातात. आम्हा दोघींचं यावर एकमत झालं नाही. तिने तिचा शांपू मागवला, मी माझा दुकानातूनच आणते.

किराणा दुकानात हे सगळं अवघड. शांपूच्या पुड्या लडीने टांगलेल्या असतात आणि बोटभर पुडीवर ससा शोधायला भिंग लागेल. पण अंगाच्या साबणासाठी किराणा दुकान मला पुरतं. वेष्टणावर हिरवा ठिपका बघायचा, घटकांत 'टॅलो' (जनावराची चरबी) हा शब्द नाही ना ते बघायचं, आणि टीएफएम बघायचं, म्हणजे साबणात स्निग्धांश किती टक्के ते. ७६ किंवा वर असेल तर पहिल्या प्रतीचा साबण. याचा प्राण्यांशी संबंध नाही, पण वडी लवकर विरघळत नाही. चरबीशिवायचा साबण आपल्याला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी आर्देशिर गोदरेज यांनी चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला होता.

कपडे, भांडी आणि फरशी या बाबतीत मात्र मोठं दुकान आणि किराणा दोन्ही तोकडे पडले. चकचकीत पुड्यांवर लिंबं आहेत, फुलं आहेत, पण पूर्ण घटकसूची बहुधा नाही आणि ससा तर क्वचितच. साताऱ्याची रस्टिक आर्ट कपड्यांचा साबण आणि घरसफाईचा माल बनवते. जवळच्या गावचा माल म्हणून मला तिचं कौतुक आहे, पण रोजच्या दुकानात ती सहज हाताला लागत नाही, मागवावी लागते.

म्हणून मी भाचीला जुन्या पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात नेलं. महाद्वार रोडच्या आसपास अशी दुकानं अजून टिकून आहेत. लाकडी खणांचा वास आत शिरताच येतो. तिथे रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी सगळं सुटं मिळतं. वेष्टण नाही, खूण नाही, आणि खुणेची गरजही नाही, कारण हा सुटा रिठा विकायला कुणाला सशावर चाचणी करावी लागत नाही. आपल्या आज्यांनी तो पिढ्यान्पिढ्या स्वतःच्याच डोक्याला लावून तपासला आहे.

रिठा वापरायची पद्धत सांगते, कारण पहिल्यांदा सगळ्यांची तीच चूक होते: बियांसकट उकळतात. आठ-दहा रिठे फोडून काळी बी काढून टाकायची. सालं तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दहा मिनिटं उकळायची, गार झाल्यावर हाताने कुस्करायची. पाणी चहासारखं तांबूस होतं आणि फेस बोटांवर चढतो. गाळून बाटलीत भरायचं. रेशमी साड्या, लोकरीचे कपडे, चांदीचे दागिने यांना याहून चांगलं काही नाही. रोजच्या कपड्यांना चालतं, पण कॉलरचा मळ आणि तेलाचा डाग याने निघत नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतोच. आणि हे पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडं थोडं करायचं. डोळ्यात गेलं तर झोंबतं. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात रोज हे जमेल असं मी म्हणणार नाही. भाची आठवड्यातून एकदा करते.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. रिठा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असं धरून चालू नका. त्याचा फेस ज्या सॅपोनिनमुळे येतो ते माशांना विष आहे. डिटर्जंटचा फेसही माशांना घातकच. आपल्या घरातलं सांडपाणी कुठे जातं हे कोल्हापूरकराला नव्याने सांगायला नको. जयंती नाला पंचगंगेला मिळतो, आणि नदीत मेलेले मासे तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. सशाचा विचार करून आणलेली वस्तू माशाला मारणार असेल तर माझ्या लेखी ती क्रूरतामुक्त नाही. रिठ्याचं उरलेलं पाणी मोरीत न ओतता मी जास्वंदीच्या कुंडीत ओतते, आणि पावडर कुठलीही असली तरी पुडीवर लिहिलंय त्याच्या निम्मी घालते. कपडे तेवढ्यातही निघतात.

भांड्यांना चिंच, लिंबाची सालं आणि नारळाची शेंडी. तांब्या-पितळेला चिंचेची सर कशालाच नाही. फरशीला पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व, पण कडाप्पा आणि संगमरवराला नको, चमक जाते. गोमूत्राचं फरशीचं द्रावणही दुकानात मिळतं. ते प्राण्यांवर तपासलेलं नसेलही, पण ते गायीकडूनच आलेलं आहे, तेव्हा वीगन घरात बसत नाही. ब्रश विसरू नका. दाढीचा किंवा केसांचा ब्रश घेताना केस नायलॉनचे आहेत का ते विचारा, डुकराच्या केसांचेही ब्रश असतात.

सगळ्यात कठीण गाठ डासांची. कळंब्याकडे किंवा रंकाळ्याजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गुडनाइट, ऑल आउट किंवा कुठलीही अगरबत्ती-कॉइल कायद्याने कीटकनाशक आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करताना विषारीपणाची माहिती द्यावी लागते, आणि ती उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचण्यांतून येते. म्हणजे इथे दुकान बदलून किंवा ब्रँड बदलून उपयोग नाही. बाटलीवर कितीही कडुनिंब छापलेला असला तरी आतल्या कीटकनाशकाला याच वाटेने यावं लागलेलं असतं.

घरात तान्हं बाळ असेल, डेंग्यूची साथ असेल, तर डासांचं औषध लावा आणि मनाला खाऊ देऊ नका. एरवी भाचीने केलं ते करता येतं. खिडक्यांना जाळी लावून घेतली, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी दर रविवारी ओतून टाकायला लागली, आणि यादीत मी 'डासांचं औषध' लिहिलं होतं ते खोडून तिथे तिच्या अक्षरात लिहिलं: मच्छरदाणी, डबल, सुती.