दोन सुया की क्रोशा? पहिल्यांदा विणायला बसणाऱ्यांसाठी

विणायला शिकायचं ठरलं की बहुतेक जण एकच सल्ला देतात: क्रोशा (टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईने विणणं) सोपा आहे, त्याने सुरुवात कर. मला हा सल्ला अपुरा वाटतो. दोन्हींत अडचण येतेच, फक्त वेगवेगळ्या वेळी येते. आणि दोन्हींतून तयार होणारं कापड इतकं वेगळं असतं की आधी त्याचाच विचार करायला हवा.

दोन सुयांवर विणलेलं कापड लवचीक असतं. ओढलं की पसरतं, सोडलं की जागेवर येतं. स्वेटर, मोजे, कानटोपी यांना हाच गुण लागतो. क्रोशाचं कापड त्यामानाने जाड आणि आकार धरून राहणारं. तोरण, टेबलावरचा रुमाल, पिशवी, लहान मुलांची खेळणी यात त्याला तोड नाही. सुती दोऱ्यात तर तो विशेष खुलतो. मुंबईत किंवा कोकणात लोकरीचा स्वेटर वर्षभर कपाटातच राहतो, पण सुती तोरण रोज दारावर दिसतं, रुखवतातही मांडता येतं. उलट घरात बाळ येणार असेल, किंवा मुलगी कॅनडाच्या थंडीत राहत असेल, तर मन आपोआप स्वेटरकडे वळतं. क्रोशाचेही स्वेटर होतात, पण तेवढ्याच आकाराला लोकर जास्त लागते आणि अंगावर ते जड वाटतात.

आता शिकण्याबद्दल. क्रोशाची साखळी, म्हणजे एकातून एक ओढलेल्या फासांची माळ, बहुतेकांना पहिल्याच बैठकीत जमते. खरी परीक्षा साखळीवरच्या पहिल्या ओळीत असते. साखळी पीळ खाते, सुई नेमकी कुठे घालायची ते कळत नाही. पुढे कडा त्रास देतात. खांबांच्या (सुईला दोऱ्याचा वेढा देऊन घातलेल्या उंच टाक्यांच्या) ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरायचा असतो. पुढची ओळ संपवताना शेवटचा खांब त्याच साखळ्यांतल्या सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. तो राहिला की दर ओळीला एक खांब कमी होतो आणि चौकोन हळूहळू निमुळता होत जातो. उपाय एकच, सुरुवातीला प्रत्येक ओळ मोजायची.

दोन सुयांची सुरुवात सावकाश होते. दोन्ही हातांना काम असतं, शिवाय लोकरीचा ताण सांभाळायचा. मात्र टाके घालणं (सुईवर पहिले फास चढवणं) जमलं की पुढे शिकायचे टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं तर तो एकच टाका आहे, पुढून सुलट दिसतो तो मागून उलट. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट विणल्या तर पट्टी सपाट राहते, म्हणून पहिला मफलर तसाच करावा. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की स्वेटरसारखी गुळगुळीत वीण येते, पण तिच्या कडा गुंडाळल्या जातात. नवशिक्यांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं, त्या विणीचा स्वभावच तो आहे. कडेला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घातली की ती सरळ राहते.

चुका दुरुस्त करण्यात मात्र क्रोशा स्पष्टपणे सोपा. सुईवर एका वेळी एकच फास असतो, त्यामुळे चुकलं तिथपर्यंत उसवायचं आणि तिथूनच पुढे निघायचं. दोन सुयांवर ओळीतले सगळे टाके एकदम मोकळे असतात. एक सुटला तर शिडीसारखा खाली खाली उसवत जातो, आणि नवशिका घाबरून सगळंच उसवून टाकतो. तसं करू नये. क्रोशाची सुई खालच्या फासात घालायची आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर आणायची, टाका परत सुईवर येतो. त्यामुळे दोन सुया घेतल्या तरी क्रोशाची एक सुई डब्यात असायलाच हवी.

अंगात घालायचं काही विणणार असाल तर नमुना चौकोन विणून मोजण्याला पर्याय नाही. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिमी सुईवर १० सेंमीत साधारण २२ टाके बसतात. त्या हिशेबाने ९० सेंमी घेराला १९८ टाके होतात. तुमचा हात सैल असेल आणि १० सेंमीत २०च बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर ९९ सेंमी होईल. तोरणाला हा फरक चालून जातो, स्वेटरला नाही.

हाताचं दुखणं असेल तर हेही बघा. क्रोशात बहुतेक हालचाल एकाच मनगटावर येते, दोन सुयांत ती वाटली जाते. डावखुऱ्यांना क्रोशा आरशात पाहिल्यासारखा उलटा शिकावा लागतो. दोन सुया मात्र अनेक डावखुरे इतरांसारख्याच चालवतात, विशेषतः लोकर डाव्या हातात धरण्याच्या पद्धतीत.

माझं मत विचाराल तर स्वेटर विणायची मनापासून इच्छा असेल तर थेट दोन सुया घ्या, क्रोशातून वळसा घालू नका. तोरण, खेळणी, रुमाल हवे असतील तर क्रोशा. काहीच ठरत नसेल तर घरातल्या आजीला, मावशीला किंवा शेजारच्या काकूंना जे येतं ते शिका. ताण किती ठेवायचा हे व्हिडिओपेक्षा शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताकडे बघून फार लवकर कळतं.

खरेदी करताना नंबरापेक्षा मिलिमीटर बघा. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकेत ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. क्रोशाच्या नमुन्यांतही तोच घोळ, अमेरिकन पुस्तकातलं डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, ब्रिटिश पुस्तकात ट्रेबल होतं. लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची घ्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत, ती पुढच्या कामासाठी राहू द्या.